इझार्ड यांचा ‘ड्रेस टू किल’ मळ्यात बसून कसा पाहावा

थंडी पडली की जळगाव-भुसावळकडच्या मळ्यांमध्ये भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. आमच्या मित्रमंडळात जेवणानंतर भिंतीवर पांढरी चादर ताणून काहीतरी पाहण्याचा प्रघात आहे. अशा बैठकीसाठी एडी इझार्ड या ब्रिटिश विनोदकाराचा ‘ड्रेस टू किल’ हा प्रयोग मी आग्रहाने सुचवतो. तो सॅन फ्रान्सिस्को येथे चित्रित झाला आणि लेखन व सादरीकरण या दोहोंसाठी त्याला २००० साली एमी हे अमेरिकी टीव्हीचे पुरस्कार मिळाले.

पहिली अट अशी की हा प्रयोग एका बैठकीत, सलग पाहावा. मोबाईलवर त्याचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे पाहून ठेवू नयेत, कारण अर्ध्या तासापूर्वी सहज टाकलेला एखादा शब्द इझार्ड पुढे भलत्याच ठिकाणी परत आणतात आणि ज्याने मागचे ऐकलेले नाही त्याला सभागृह का हसले हे कळत नाही. यात्रेतला तमाशा रात्रभर बसून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

वांगी बडजीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचली जात असताना प्रयोग लावू नये. आम्ही एकदा ती चूक केली आणि पहिली वीस मिनिटे अक्षरशः वाया गेली. जेवणे उरकून, हात धुऊन सगळे बसले की मगच सुरुवात करावी. चित्र थोडे फिके दिसले तरी चालते, आवाज मात्र स्वच्छ हवा, म्हणून प्रोजेक्टरच्या स्वतःच्या आवाजावर न विसंबता वेगळा स्पीकर लावावा. इंग्रजी सबटायटल सुरू ठेवावेत, कारण इझार्ड यांचे बोलणे वेगवान असून मध्येच पुटपुटणारे आहे. मळ्यातल्या विजेचा भरवसा नसतो, तेव्हा लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्यावा. भाषेत शिव्या सर्रास येतात; लहान मुले आणि संकोच वाटेल अशी वडीलधारी मंडळी झोपायला गेल्यावरच पडदा लावलेला बरा.

इझार्ड रंगमंचावर येतात ते चेहऱ्यावर ठसठशीत रंगभूषा करून आणि झगमगीत पेहरावात. आपल्या डोळ्यांसमोर तेव्हा गौळणीतली मावशी उभी राहते आणि हशा त्या वेषातूनच येणार असे आपण धरून चालतो. ही अपेक्षा बाजूला ठेवावी. मावशीच्या सोंगात पुरुषाने घेतलेला स्त्रीवेष हा गमतीचा भाग असतो. इझार्ड यांच्यासाठी ते सोंग नव्हे, ते त्यांचे स्वतःचे राहणे आहे. त्याबद्दल ते मोकळेपणाने बोलतात आणि मग थेट इतिहासाकडे वळतात. आपणही त्यांच्यासोबत वळावे.

त्या इतिहासाची थोडी उजळणी आधी करून घेतली तर फार उपयोग होतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने रोमच्या चर्चशी फारकत का घेतली, दुसऱ्या महायुद्धात युरोपात काय घडले, एवढे कोणीतरी पाच मिनिटांत सांगावे. साम्राज्याचा भाग आपल्याला सांगावा लागत नाही. इंग्रज येऊन झेंडा रोवतात, हिंदुस्थानातले लोक म्हणतात की इथे तर आम्ही राहतो, त्यावर प्रश्न येतो, तुमच्याकडे झेंडा आहे का? सॅन फ्रान्सिस्कोचे प्रेक्षक इथे खळखळून हसतात. आमच्या बैठकीत नंदुरबारचे दोघे होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी त्यांच्या गावात शाळकरी वयाचा शिरीषकुमार हातात तिरंगा घेऊन गोळीला सामोरा गेला. ते दोघेही हसले, पण हसून झाल्यावर त्यांनी प्रयोग थांबवायला सांगितला आणि आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. सलग पाहण्याचा माझा नियम मी तेवढ्यापुरता आनंदाने मोडला; तुमच्याकडे असे कोणी असेल तर तुम्हीही मोडावा.

एका बारीक गोष्टीकडे लक्ष असू द्यावे. एखादा विनोद फसला, की इझार्ड तळहातावर बोटाने काहीतरी टिपून घेतल्यासारखे करतात आणि त्या अभिनयालाच हशा मिळतो. अशा वेळी पडद्याकडे पाहावे, सबटायटलकडे नव्हे.

टाळ्या झाल्या म्हणून चादर काढायला उठू नये. मध्ये शाळेतल्या फ्रेंच भाषेचा एक किस्सा येतो, त्यात उंदीर टेबलाखाली, मांजर खुर्चीवर आणि माकड फांदीवर असते. ही तिन्ही जनावरे पक्की ध्यानात ठेवावीत, कारण निरोपानंतर इझार्ड परत येतात आणि फ्रेंचमध्येच बोलू लागतात. आमच्यापैकी एकालाही फ्रेंच येत नव्हते, तरी तिथे सगळा मळा हसत होता.