‘हेडियन’ लिहिताना: नाव, आकडा आणि खडक यांची गल्लत टाळा

पृथ्वीच्या पहिल्या इऑनवर (इऑन म्हणजे भूवैज्ञानिक काळाचा सर्वांत मोठा विभाग) टिपण, फलक किंवा धडा लिहायचा असेल तर आधी नाव नीट समजून घ्या. ‘हेडियन’ हे नाव अमेरिकी भूवैज्ञानिक प्रेस्टन क्लाउड यांनी १९७२ मध्ये दिलं. मूळ ग्रीक ‘हेडीज’: मृतांच्या लोकाचा राजा आणि त्याचा लोकही. अर्थ सांगताना ‘यमलोक’ म्हणा. ‘नरक’ म्हटलं की उकळत्या कढया डोळ्यांपुढे येतात. इऑनला ‘महाकल्प’ म्हणू नका. तो शब्द मराठीत पुराजीव, मध्यजीव अशा एक पायरी खालच्या विभागांसाठी रुळलेला आहे.

आता आकडे. कालमापनाच्या तक्त्यात ‘एमए’ म्हणजे दहा लाख वर्षं, म्हणून आकड्याला १० ने भागलं की कोटी मिळतात. ‘जीए’ म्हणजे शंभर कोटी वर्षं; तो असेल तर १०० ने गुणा. हेडियन ४५६७ ते ४०३१ एमए, म्हणजे सुमारे ४५६.७ ते ४०३.१ कोटी वर्षांपूर्वीचा. जुन्या पुस्तकांत शेवट सरळ ४०० कोटी असतो. नवी सीमा कॅनडातल्या अकास्टा नाइस या खडकाच्या वयावरून घेतली आहे.

सर्वांत जास्त चुका खडकापाशी होतात. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा ‘४४० कोटी वर्षांचा खडक’ असं सर्रास छापलं जातं. वय खडकाचं नाही, त्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणाचं आहे; तो गोटेमिश्रित गाळखडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. झिरकॉन तयार होताना युरेनियम सामावून घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आत सापडणारं शिसं पुढे युरेनियमच्या किरणोत्सर्गातून तयार झालेलं धरता येतं आणि कणाचं वय निघतं. मूळचा खडक झिजून गेला तरी कण टिकतो आणि नव्या खडकात शिरतो. म्हणून वयासमोर ‘कणाचं’ की ‘खडकाचं’ हे लिहाच. ओडिशात चंपुआजवळ मिळालेला ४२४ कोटी वर्षांचा झिरकॉनही असाच, नंतरच्या खडकात अडकलेला.

‘तेव्हा सगळी पृथ्वी लाव्ह्याचा गोळा होती’ हे वाक्य गाळा. जॅक हिल्सच्या झिरकॉनमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) ४३० कोटी वर्षांपूर्वीच द्रवरूप पाणी असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नाव मात्र तेच राहिलं. सह्याद्रीचा काळा कातळ उदाहरणाला घेऊ नका; तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे.