कोलाडला गटाने कयाकिंग: पाण्याची पातळी बघून सहल कशी आखावी

कुंडलिका नदी कोकणातल्या बाकीच्या नद्यांसारखी वागत नाही. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या नद्या डबक्यांवर येतात, तेव्हाही कोलाडजवळ कुंडलिका सकाळी खळाळत असते. हे पाणी घाटावरून येतं. मुळशी धरणातलं पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याला उतरवलं जातं, टाटांच्या वीजघरातली जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेच्या पात्रात येतं. भिऱ्याला 1927 पासून वीज तयार होते. ज्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, त्याच धरणाचं हे पाणी. पुण्याहून ताम्हिणी घाटातून कोलाडला येणारी मंडळी या जलाशयाच्या काठाकाठानेच येतात.

त्यामुळे पावसाळा सोडला तर या नदीची पातळी वीजनिर्मितीच्या वेळांवर ठरते. सकाळी पाणी सुटतं, काही तास टिकतं, मग ओसरतं. इथला राफ्टिंगचा सगळा व्यवसाय या सकाळच्या पाण्यावर उभा आहे. पण ही काही एसटीची वेळ नव्हे. विजेची मागणी कमी-जास्त झाली किंवा एखादा संच देखभालीसाठी बंद असला, की पाणी उशिरा सुटतं, कमी सुटतं, एखाद्या दिवशी सुटतच नाही. म्हणून गटाच्या सहलीचं वेळापत्रक पाण्याने ठरवायचं आणि आपण त्यात बसायचं. सुट्टी कुणाला कधी आहे, परतीची गाडी किती वाजता आहे, हे सगळं त्यानंतर.

आधी नदी समजून घ्या

साजे गावाजवळून सुरू होणारा राफ्टिंगचा टप्पा साधारण 12 ते 14 किलोमीटरचा आहे. रॅपिड्सची, म्हणजे उतारावरच्या खळाळत्या, वेगवान पाण्याच्या जागांची, श्रेणी एक ते सहा अशी मोजतात. हा टप्पा मध्यम पाण्यात दोन-तीन श्रेणीचा, म्हणजे शिकलेल्या माणसाला झेपणारा. मात्र यातला ‘मध्यम पाण्यात’ हा भाग विसरू नका. पाणी बदललं की श्रेणी बदलते.

कमी पाण्यात खडक उघडे पडतात. कयाक अडकते, आडवी होते आणि प्रवाह तिला खडकावर दाबून धरतो. लोक कमी पाण्याला सुरक्षित समजतात. उलटल्यावर डोकं आणि खांदे खडकावर आपटण्याची शक्यता मात्र तेव्हाच जास्त असते. मध्यम पाण्यात वाट स्पष्ट दिसते आणि खडकांमागे शांत पाण्याचे कोपरे तयार होतात. कयाकवाले त्यांना ‘एडी’ म्हणतात. थांबायला, मागच्यांची वाट बघायला, दम खायला हीच जागा. पाणी फार चढलं की खडक बुडतात आणि एडी नाहीशा होतात. बुडालेल्या खडकावरून पडणारं पाणी खाली जाऊन उलट वळतं आणि होडीला किंवा माणसाला तिथेच घोळवत ठेवतं. हे ‘होल’. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. काल ज्याला सहज काठाला ओढून आणलं, त्याला आज तीच माणसं आणू शकतील असं धरून चालू नका.

पातळी दोन कारणांनी अचानक चढते, आणि दोन्हींनी माणसं गेली आहेत. 8 जून 2014 ला हिमाचलात मंडी जिल्ह्यातल्या थलौटजवळ हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरले होते. वर लारजी धरणातून पाणी सुटलं आणि 24 विद्यार्थी वाहून गेले. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. तिथे वर कुठला दरवाजा उघडला नव्हता, डोंगरात पडलेल्या पावसाने ओढा चढला होता. कुंडलिकेवर पावसाळ्यात ही दोन्ही कारणं एकत्र येतात. कोलाडला ऊन असताना ताम्हिणीच्या बाजूला धो धो पाऊस चालू असू शकतो.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने ऑक्टोबर ते मे या काळातलीच तारीख धरावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर ही नदी पक्क्या हाताच्या लोकांची आहे, आणि त्यांनीही स्थानिक माणसाशिवाय उतरू नये.

गट ठरवताना

तीनपेक्षा कमी कयाक घेऊन खळाळत्या पाण्यात उतरायचं नाही. एक अडचणीत आला तर एक त्याला बघेल आणि एक मदत आणेल, एवढे तरी हवेतच. वरची मर्यादा सहा-सातची ठेवा. माणसं जास्त असतील तर दोन गट करा, प्रत्येकाला वेगळा म्होरक्या द्या.

प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा. कयाक उलटल्यावर स्कर्ट, म्हणजे बसायच्या जागेत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती लावलेलं आच्छादन, ओढून बाहेर पडता येतं का? रोल येतो का, म्हणजे वल्ह्याच्या जोरावर होडीत बसल्या बसल्या सरळ होता येतं का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या व्यक्तीने या सहलीत राफ्टमध्ये बसावं आणि आधी शांत पाण्यात शिकून घ्यावं. रोल येत नसेल तर चालेल, पण अशी माणसं गटात एक-दोनच हवीत, आणि प्रत्येकामागे एक जाणता हवा. चांगलं पोहता येतं हे पुरेसं नाही. विहिरीत पट्टीचा पोहणारा वाहत्या पाण्यात घाबरतो, हे नेहमी दिसतं.

पाणी किती असेल तर जायचं, हे गटातल्या सगळ्यात कच्च्या माणसाकडे बघून ठरवा. त्याला लाज वाटेल अशा पद्धतीने मात्र नको. आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाका: उद्या सकाळी कुणीही, कारण न देता, ‘मी येत नाही’ म्हणू शकतो आणि त्यावर कुणी काही बोलणार नाही. माझ्या मते अर्धी सुरक्षितता याच एका वाक्यात आहे. अपघाताच्या दिवशी बहुतेक वेळा कुणाच्या तरी मनात शंका आलेली असते, फक्त ती बोलायची सोय नसते.

आदल्या दिवशीचे फोन

स्थानिक राफ्टवाल्याला किंवा कयाकिंग शिकवणाऱ्याला फोन करा. ‘उद्या पाणी आहे ना?’ असं विचारलंत तर ‘आहे, या’ हेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा नेमकं विचारा: दादा, आज पाणी किती वाजता सुटलं? किती वेळ टिकलं? या आठवड्यात रोज तेवढंच होतं का? नेहमीपेक्षा कमी की जास्त? पात्रात कुठे झाड पडलंय का? पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं आणि माणूस अडकतो, म्हणून हा शेवटचा प्रश्न विसरू नका.

मग हवामान बघा. हवामान खातं रायगडचा इशारा वेगळा देतं आणि पुण्याच्या घाटमाथ्याचा वेगळा. दोन्ही बघायचे. घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर कोलाडला निरभ्र आकाश असलं तरी बेत रद्द. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाकडून येणारी नद्यांची माहितीही वाचा. त्यात डोलवहाळ बंधाऱ्याजवळची कुंडलिकेची पातळी असते, सोबत इशारा पातळी आणि धोका पातळी. धरणाच्या विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर.

घरी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाला लिहून द्या: कोण कोण गेलंय, कुठे उतरणार, कुठे बाहेर येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 लावायचा. रुग्णवाहिकेसाठी 108. रोहा आणि माणगाव इथे सरकारी उपजिल्हा रुग्णालयं आहेत. तिथे जायचा रस्ता गाडी चालवणाऱ्याला आधीच माहीत हवा. नदीकाठी मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

काठावर आल्यावर

लगेच कपडे बदलू नका. आधी पाण्यापाशी जा. पाणी जिथे टेकतंय तिथे एक दगड ठेवा, किंवा वाळूत काठी रोवा. वेळ लिहा, मोबाइलवर फोटो काढा. सामान उतरवेपर्यंत दर दहा मिनिटांनी येऊन बघा. दगड बुडाला का, कोरडा पडला का? काठावरचे खडकही नीट बघा. पाण्याच्या वर ओला, काळसर पट्टा दिसत असेल तर पाणी उतरतंय. पट्टा नसेल, खडक पाण्यापर्यंत कोरडे असतील आणि कडेने सुकं गवत, पानं, काटक्या, फेस तरंगत येत असेल तर पाणी चढतंय. आवाजही बदलतो. उथळ पाण्याची खळखळ हळूहळू भरीव, खोल होत जाते.

पाणी सुटायच्या वेळी चढणारच, ते अपेक्षित आहे. ते चढून एका जागी स्थिरावण्याची वाट बघा. सलग दोन-तीन वेळा दगडाशी तीच रेघ दिसली की मग उतरा. पाणी सुटत असल्याचा भोंगा ऐकल्याबरोबर घाईने निघून जोरात वल्हवत राहिलात, तर सोडलेल्या पाण्याच्या पुढे जाऊन खालच्या कोरड्या, खडकाळ पात्रात पोचता. फार उशीर केलात तर पाणी बंद झाल्यावरची ओहोटी मागून गाठते आणि शेवटचे किलोमीटर खडकांतून होडी ओढत काढावे लागतात. सकाळच्या राफ्ट निघाल्या की त्यांच्या थोडं मागे राहणं नवख्या गटाला सगळ्यात सोयीचं. पाणीही भरलेलं असतं आणि पुढे मदतही असते.

उतरायचं नाही हे कधी ठरवायचं, ते आदल्या रात्रीच कागदावर लिहा. माझी यादी अशी: ठरल्या वेळेनंतर तासभर पाणी स्थिरावलं नाही, पाणी गढूळ होऊन ओंडके यायला लागले, स्थिर झालेलं पाणी पुन्हा अर्ध्या तासात वीतभर चढलं, किंवा स्थानिक गाईड म्हणाला ‘आज नको’. यातलं एकही घडलं तर होड्या गाडीवर परत. तिथे चर्चा करायची नाही. दोन तास प्रवास करून आलेली माणसं पाण्यासमोर उभी राहिली की त्यांचा अंदाज नेहमी जायच्या बाजूने झुकतो.

सामान

हेल्मेट आणि अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवंच. खांद्यांना धरून वर ओढा, जॅकेट कानापर्यंत आलं तर पट्टे आवळा. पायात मागे पट्टा असलेले बूट हवेत, चपला चालणार नाहीत. कयाकमध्ये हवेच्या पिशव्या भरलेल्या असाव्यात, म्हणजे ती उलटली तरी पाण्याने भरून जड होत नाही. निदान दोघांकडे थ्रो बॅग हवी, म्हणजे पिशवीत भरलेला 15-20 मीटरचा तरंगता दोर, आणि दोर कापायला सुरी. होडी मनगटाला किंवा घोट्याला दोरीने बांधायची नाही. जादा वल्हं, प्रथमोपचाराची पेटी आणि भरपूर प्यायचं पाणी घ्या. कोकणातल्या मार्चनंतरच्या उन्हात उष्माघाताचा धोका खराखुरा असतो.

पाण्यात

सगळ्यात अनुभवी पुढे, त्याच्या खालोखाल अनुभवी शेवटी, नवखे मध्ये. पुढच्याला ओलांडायचं नाही, शेवटच्याच्या मागे राहायचं नाही. प्रत्येकाने आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं. तो दिसेनासा झाला की एडीत थांबायचं. रॅपिडमध्ये एका वेळी एकच होडी.

खुणा काठावरच पाठ करून घ्या. वल्हं उभं धरलं की ‘या’, आडवं धरलं की ‘थांबा’. शिट्टी एकदा म्हणजे ‘इकडे बघा’, तीनदा म्हणजे ‘संकट’. डोक्यावर हात टेकवला म्हणजे ‘मी ठीक आहे’. हाताने दाखवायचं ते जायच्या दिशेकडे. धोक्याकडे बोट केलंत तर बघणारा नेमका तिकडेच जातो.

पुढचं दिसत नसेल तर उतरून काठाने चालत जाऊन बघा. पाणी बदललंय, म्हणून मागच्या वेळची आठवण उपयोगाची नाही. रॅपिडच्या खाली एक जण थ्रो बॅग घेऊन उभा राहू द्या, मग बाकीचे.

कुणी होडीबाहेर पडलं तर त्याने पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि वर. गुडघ्यापेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. खडकांच्या फटीत पाऊल अडकलं की पाणी माणसाला पुढे पाडून दाबून ठेवतं. दोर आला की दोर धरायचा, तो हाताला गुंडाळायचा नाही. वाचवणाऱ्यांनी आधी माणूस, मग होडी, मग वल्हं. हा क्रम महागड्या वल्ह्यासाठीही बदलायचा नाही.

आणि बंधारे. खालच्या अंगाला बंधारा असेल तर त्याच्या बऱ्याच आधी बाहेर पडायचं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी वरून गुळगुळीत, निरुपद्रवी दिसतं. खाली मात्र ते काठापासून काठापर्यंत उलटं फिरत राहतं आणि त्यात सापडलेला माणूस सहसा आपण होऊन सुटत नाही. बाहेर पडायची जागा सकाळीच गाडीने जाऊन बघा, नदीतून ओळखता येईल अशी खूण हेरा आणि एक गाडी तिथे लावून ठेवा. तिची किल्ली वरच्या गाडीत राहणार नाही, एवढं मात्र बघा.

बाहेर आल्यावर डोकी मोजा, घरच्या माणसाला फोन करा, मग जेवण. जेवायच्या आधी दोन ओळी लिहून ठेवल्यात तर पुढच्या वेळी त्या कामाला येतात: पाणी किती वाजता सुटलं, किती वाजता स्थिरावलं, दगडाजवळची रेघ कुठे होती आणि त्या पातळीला कुठला रॅपिड कसा वाटला.