वैशाखातलं कोळंबीचं तळं आणि औषधाची पुडी

गेल्या वैशाखात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकांचा रात्री साडेअकराला फोन. "तळं चमकतंय रे." त्यांचं तळं जंबुसरकडे, तिथला राखणदार घाबरून गेलेला. मी म्हटलं, आधी चार झिंगे बादलीत घ्या, अंधारात ठेवा, हलवू नका. पाणी ढवळल्यावर क्षणभर लखलखून विझलं तर ते तरंगते सूक्ष्मजीव, फारसं मनावर घेऊ नका. पण झिंगा निवांत असतानाही मंद चमकत राहिला, तर तो व्हिब्रिओ नावाचा जंतू. काकांचा झिंगा चमकतच राहिला.

बडोद्यात राहून खाडीपट्ट्यात तळी सांभाळणाऱ्यांनी पुढचे दोन महिने हे लक्षात ठेवायचं. व्हिब्रिओ हा खाऱ्या पाण्यातला मूळचा रहिवासी. पाणी तापलं, तळाशी उरलेलं खाद्य कुजलं की तो फोफावतो. आणि नेमक्या याच दिवसांत दुकानदार खाद्यात कालवायची पुडी हातात ठेवतो. काकांनीही आधीच 'खबरदारी म्हणून' आठवडाभर दिली होती.

ती पुडी बहुधा ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची. खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे औषध बांधून ठेवतं, त्याची धार जाते. आजारी झिंगा खातच नाही, म्हणजे ज्याला हवं त्याच्या पोटात ते जात नाही. उरलेलं गाळात बसतं. तिथे थोड्या थोड्या मात्रेत चिवट जंतू तेवढे टिकतात, आणि औषधाला दाद न देण्याचा गुण शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. पांढऱ्या डागाचा रोग तर विषाणूचा, त्यावर प्रतिजैविक म्हणजे निव्वळ पैशांचा चुराडा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना मत्स्यपालनात बंदी आहे, अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो. कोलिस्टिन हे प्रतिजैविकही 2019 पासून खाद्यप्राण्यांसाठी बंद. बिनलेबलची पुडी दारातूनच परत पाठवा.

मग करायचं काय? पहाटे चार ते सहा उठायचं, कारण ऑक्सिजन तेव्हाच सगळ्यात खाली असतो. लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रभर चालू ठेवा. दुपारी पाणी 33 अंशांवर गेलं की खाद्य कमी करा. चेक ट्रेमध्ये, म्हणजे खाद्य किती खाल्लं ते बघायला तळ्यात सोडलेल्या ताटात, दोन तासांनी खाद्य उरलेलं दिसलं तर पुढची पाळी सरळ वगळा. दोन वेळा उपाशी राहिल्याने झिंगा मरत नाही. मधोमध साचलेला काळा गाळ काढत राहा. आठवड्यातून एकदा पाणी आणि झिंगा प्रयोगशाळेत द्या. तिथल्या टीसीबीएस प्लेटवर, म्हणजे व्हिब्रिओ वाढवून बघायच्या बशीवर, पिवळे आणि हिरवे ठिपके उठतात. पॅराहिमोलिटिकस हा व्हिब्रिओचा खोडकर प्रकार हिरवा ठिपका देतो, म्हणून हिरव्यांची संख्या विचारा; 'रिपोर्ट चांगला आहे' एवढ्यावर उठू नका. औषध द्यायचीच वेळ आली, तर कोणतं लागू पडतं याची चाचणी आधी करून घ्या आणि शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस माल काढायचा नाही, ते तज्ज्ञांकडून वहीत लिहून घ्या.

काढणी पहाटेच, आणि किलोला किलो बर्फ. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. उष्ण मालात हा व्हिब्रिओ दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. टेम्पो टोलनाक्यावर अर्धा तास उभा राहिला तर हिशेब तुम्हीच करा. घरी न्यायची कोळंबी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण शिजवा, आणि तिचा विळा न धुता काकडीच्या कोशिंबिरीला घेऊ नका.

झिंग्याच्या डोक्यावरचा काटा हाताला रुततो, तो मात्र हसण्यावारी नेऊ नका; त्या जखमेतून व्हिब्रिओ अंगात शिरू शकतो. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर हातमोजे घालूनच तळ्यात उतरा. जखम लाल होऊन भराभर सुजली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि काटा खाऱ्या पाण्यातल्या झिंग्याचा होता हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.