घरात ‘काहीतरी आहे’ असं वाटू लागलं तर: चौदा रात्रींची तपासणी

माळ्यावर पावलं वाजतात, बंद केलेला दिवा मिणमिणत राहतो, कपाटातले कपडे कातरलेले निघतात. असं काही सुरू झालं की दोन-चार दिवसांत घरात कुणाचं तरी नाव घेतलं जातं. नवी सून, विधवा आत्या, समोरची शेजारीण, कधी नुकतंच जन्मलेलं बाळ. ‘ही घरात आल्यापासून हे सुरू झालं.’ बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, सुलतानपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत हे वाक्य जसं ऐकू येतं, तसंच मांजलपूरच्या नव्या फ्लॅटमध्येही येतं.

म्हणून ही तपासणी फक्त खरं-खोटं ठरवण्यासाठी नाही. ती चालू असताना घरातल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाला इजा होऊ नये, हीसुद्धा तिची अट आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या ही अट धरून लिहिल्या आहेत. सामान साधंच लागतं: एक वही, पेन, टॉर्च, रांगोळीची पूड, चाळणी, एक कुलूप आणि मोबाइल.

सर्वांत आधी गॅस, तारा आणि तब्येत

वही उघडण्याआधी हे करा, कारण यात जीव जाऊ शकतो. घरात असताना डोकं दुखतं, मळमळतं, छातीवर दडपण येतं, कुणीतरी मागे उभं आहे असं वाटतं, आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, असं एकापेक्षा जास्त जणांना होत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. या वायूला वास नसतो, त्यामुळे ‘गॅसचा वास तर येत नाही’ हे उत्तर इथे चालत नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझर हे आपल्याकडचं त्याचं नेहमीचं कारण. हिवाळ्यात खिडक्या बंद राहतात आणि धोका वाढतो. १९२१ साली अमेरिकेतल्या एका नेत्रतज्ज्ञानं एका कुटुंबाची हकीकत छापली होती. त्या घरात पावलं ऐकू यायची, माणसं दिसायची. शेवटी दोष निघाला तो बिघडलेल्या भट्टीत. ती दुरुस्त केल्यावर भासही थांबले. तेव्हा गिझर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या. कुणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन करा.

दुसरं म्हणजे तारा. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, विशेषतः पावसाळ्यात ओल आल्यावर, तर तो करंट आहे. मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा.

तिसरं, घरातलं कुणी अचानक असंबद्ध बोलू लागलं, झोप उडाली, अंगात आल्यासारखं वागू लागलं, तर आधी डॉक्टर. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. विंचू-साप चावला असेल तर उतारा, मंत्र, धागा काहीही न करता थेट हॉस्पिटल गाठा. सर्पविषावर प्रतिविषाचं इंजेक्शन हाच उपाय आहे आणि त्यात वेळ मोलाचा असतो.

दावा एका वाक्यात लिहा आणि त्यातलं नाव काढा

‘वरच्या खोलीत आजीचा आत्मा फिरतो’ हा निष्कर्ष झाला. प्रत्यक्ष काय घडतं? ‘रात्री ११ ते १ च्या दरम्यान वरच्या खोलीत ठक-ठक आवाज येतो.’ एवढंच लिहा. आवाज ऐकला तो कानांनी, आजी जोडली ती आठवणीनं. दोन्ही एकाच वाक्यात राहिले की तपासायला काही उरत नाही.

मग वाक्यातून जिवंत माणसाचं नाव खोडा. ‘वहिनी माहेरून आल्यापासून’ असं असेल तर तिथे तारीख लिहा. तारीख तपासता येते. वहिनीचा पायगुण तपासता येत नाही, तिला फक्त छळता येतं. ज्या राज्यात १९०६ साली मुलामुलींना सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण मिळालं, त्या सयाजीरावांच्या बडोद्यात एवढी अपेक्षा जास्त नाही.

वहीत पाच रकाने

तारीख, मोबाइलवरची वेळ, जागा, त्या क्षणी घरातलं कोण कुठे होतं, आणि काय दिसलं किंवा ऐकू आलं. चौदा रात्री लिहा. घडलं की पाच मिनिटांच्या आत लिहा, सकाळी आठवून नको. दोघांनी ऐकलं असेल तर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांशी बोलण्याआधी लिहावं. बोलणं आधी झालं की दोन आठवणींची एक होते आणि साक्षीदार एकच उरतो.

जिथे बहुतेक जण चुकतात ती गोष्ट म्हणजे काहीच न घडलेल्या रात्रींची नोंद. ती हवीच. समजा, महिन्याच्या ३० रात्रींपैकी ६ रात्री आवाज आला. अमावास्या आणि तिच्या अलीकडची-पलीकडची रात्र धरली तर तीन रात्री होतात. आवाजाच्या सहा रात्री कशाही पडल्या तरी त्यातली किमान एक या तिनांत सापडण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. म्हणजे ‘बघा, अमावास्येलाच झालं’ असं म्हणण्याची संधी दोनपैकी एका घराला निव्वळ योगायोगानं मिळते. उरलेल्या पाच रात्री कुणी लक्षात ठेवत नाही.

चौदा रात्रींत अमावास्या येत नसेल तर वही महिनाभर चालवा.

नेहमीची कारणं

जुन्या वाड्यातल्या सागाच्या तुळया आणि पत्रे दिवसा तापतात, फुगतात आणि रात्री आकसतात. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर जातो, मग रात्री होणारी ठकठक जोरातच येणार. ओळखायचं कसं? असे आवाज सूर्यास्तानंतरच्या काही तासांत जास्त येतात, पहाटेकडे विरळ होतात, आणि पावसाळी गार दिवसांनंतर जवळजवळ थांबतात. वहीतल्या वेळा बघा.

पावलांसारखा पळता आवाज असेल तर प्राणी. माळ्यावर उंदीर, घुशी असतातच, आणि जुन्या वस्तीत उदमांजरही छपरात राहतं. ते रात्रीचं हिंडतं आणि वजनदार असतं. गव्हाणी घुबडाचा चीत्कार तर बाई किंचाळल्यासारखा वाटतो. माळ्याच्या दाराशी रांगोळीची पूड चाळणीनं पातळ पसरा, साधारण एक मीटर रुंद पट्टा. पीठ वापरू नका, मुंग्या येतात आणि ठसे मोडतात. सकाळी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि त्यानंतरच झाडा.

बंद केलेला एलईडी दिवा रात्रभर मिणमिणतो, ही अलीकडची मोठी तक्रार. स्विच फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवला असेल, किंवा स्विचमध्ये छोटा लाल इंडिकेटर असेल, तर थोडासा प्रवाह जात राहतो. जुना साठ वॉटचा बल्ब तेवढ्यानं लागत नसे, एलईडीला तेवढा पुरतो. वायरमन दहा मिनिटांत दुरुस्त करतो.

सीसीटीव्हीत रात्री दिसणारे पांढरे गोळे म्हणजे कॅमेऱ्याच्या अगदी जवळून गेलेले किडे किंवा धूळ. इन्फ्रारेड दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडतो आणि फोकस नसल्यानं ते फुगून दिसतात. काच पुसा, कोळ्याचं जाळं काढा, दुसऱ्या रात्री बघा.

आणि ‘छातीवर कुणी बसतं, हलता येत नाही, ओरडता येत नाही’? ही निद्रापक्षाघाताची खूण आहे. स्वप्नाच्या झोपेत मेंदू स्नायू शिथिल करून ठेवतो. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागून जागे होतात. मधल्या काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत स्वप्नातली माणसं खोलीत दिसतात. जागरण आणि उताणं झोपणं यानं हे वाढतं. कुशीवर झोपा, झोपेची वेळ पाळा. ज्याला हा अनुभव आला तो खोटं बोलत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. त्यानं पाहिलं ते खरंच पाहिलं होतं.

भानामती

दगड पडणं, कपडे फाटणं, जेवणात राख, अंगावर फुल्या, कपडे पेटणं. इथे निसर्ग नसतो, कुणाचा तरी हात असतो, आणि बहुतेक वेळा तो घरातलाच असतो. पद्धतीही माहितीतल्या आहेत. बिब्ब्याचं तेल कातडीला लावलं की फुली तेव्हाच दिसत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी फोड येतात. त्यामुळे ‘त्या वेळी जवळ कुणीच नव्हतं’ हे खरं असूनही उपयोगाचं नसतं. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की थोड्या वेळानं आपोआप जाळ होतो. हे घरी करून बघू नका.

तपासणी अशी. जे कपडे फाटतात ते घरच्यांसमोर पेटीत घाला, कुलूप लावा, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तिघांच्या सह्या घ्या. किल्ली घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे द्या. काचा, रॉकेल, औषधं, बिब्बे हाताशी राहू देऊ नका. दोन दिवस सगळे एकमेकांच्या नजरेसमोर राहा. पेटीतला कपडा शाबूत राहिला आणि बाहेरचा फाटला, तर उत्तर मिळालं.

आता सगळ्यांत नाजूक भाग. हात बहुधा अशा माणसाचा निघतो ज्याला घरात दुसऱ्या कुठल्याही मार्गानं बोलता येत नाही. शाळेत किंवा घरात छळ सोसणारं पोर, लग्न ठरवलेली पण लग्न नको असलेली मुलगी, सासरी घुसमटणारी बाई. चारचौघांत ‘पकडलं’ असं जाहीर करू नका, शपथा घालू नका, व्हिडिओ काढू नका. तिच्या विश्वासातल्या एकाच माणसानं एकांतात बसून विचारावं: तुला काय होतंय? कुणी त्रास देतंय का? मूल असेल तर १०९८ आणि बाई असेल तर गुजरातची अभयम हेल्पलाइन १८१ उपयोगी पडते. घरच्यांना इतकंच सांगा की प्रकार थांबला आहे आणि घाबरण्यासारखं काही नव्हतं. दावा खोटा ठरणं आणि माणूस खोटारडा ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या तपासणीनंतर पोरीला घर सोडावं लागतं ती तपासणी वाईटच, निष्कर्ष कितीही बरोबर असो.

भुवा (मांत्रिक) घरात आलाच तर

लिंबू कापल्यावर ‘रक्त’ निघालं? हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा चुना टाका, पाणी लालभडक होतं. कुंकू याच रंगबदलातून करत आले आहेत. जास्वंदीचा रस लावून वाळवलेल्या सुरीनं लिंबू कापलं तर आंबट रसानं तोही लाल होतो. सुरी तुमची, लिंबू तुमचं आणि हातावर पाणी तुमचं, एवढी एकच अट घाला.

‘मंतरलेलं पाणी मला ओळखता येतं’ असा दावा असेल तर दहा फेऱ्या घ्या. प्रत्येक फेरीत दोन सारखे पेले, एक मंतरलेला, एक साधा. कोणता कुठे हे नाणं उडवून ठरवा आणि कागदावर लिहून लपवा. पेले मांडणाऱ्यानं खोलीबाहेर जावं, नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं. नुसत्या अंदाजानं पाच बरोबर येतात. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का. किती बरोबर आले तर दावा मान्य, हे आधीच लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. नंतर ठरवलं तर सातालाही विजय म्हटलं जातं.

पत्रिकेबाबत हे काम मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या आणि कोणती कुणाची हे ओळखायला ५१ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के होतं, म्हणजे नाणेफेकीइतकंही नाही. हा अहवाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला.

होस्टेलवर चालणाऱ्या प्लँचेटची, म्हणजे आत्मा बोलावून वाटीनं अक्षरं दाखवून घेण्याच्या खेळाची, परीक्षा त्याहून सोपी. वाटीवर बोटं ठेवणाऱ्या सगळ्यांचे डोळे बांधा आणि अक्षरांचा कागद गुपचूप अर्धा फिरवा. आत्म्याला अक्षरं दिसत असतील तर उत्तर बरोबर येईल. येतं ते अर्थहीन. बोटं नकळत ढकलतात, हे मायकल फॅरेडेनं १८५३ सालीच टेबलं फिरवणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं.

मारहाण, साखळदंड, मिरचीची धुरी, उपचार थांबवायला सांगणं यातलं काही सुरू झालं तर परीक्षा घेत बसू नका, ११२ लावा. गुजरात विधानसभेनं ऑगस्ट २०२४ मध्ये नरबळी, अघोरी प्रथा आणि काळ्या जादूविरुद्ध कायदा मंजूर केला. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. माणसाला महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडे नेऊन हेच करणार असतील, तर तिथे २०१३ पासून तसाच कायदा आहे.

‘भीती गेली तर मुलं बिघडतील’

आजी-आजोबांकडून हा प्रश्न येतोच, आणि तो मनापासून आलेला असतो. वाद घालण्याऐवजी त्यांच्यासोबत कागद घेऊन बसा. भीती दाखवून पाळायला लावलेले नियम डाव्या बाजूला लिहा. उजव्या बाजूला प्रत्येकापुढे लिहा: हा मोडला तर कुणाला इजा होते? ‘अंधारात विहिरीकडे जाऊ नको’ याला साप आणि तोल जाणं ही कारणं आहेत, नियम ठेवा आणि कारण सांगा. ‘चोरी करू नको’ याला ज्याचं गेलं त्याचं नुकसान हे कारण आहे. ‘पाळीत शिवू नको’ याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही. कारण सांगितलेला नियम मूल एकटं असतानाही पाळू शकतं, बागुलबुवाचा नियम मात्र भीती ओसरली की सुटतो. देव मानावा की नाही हा प्रश्न या कागदावर आणू नका. आजीच्या गळ्यातला ताईतही राहू द्या, तो औषधाच्या जागी बसत नाही तोवर.

चौदा रात्री संपल्या की वही सगळ्यांसमोर वाचा: किती रात्री घडलं, किती रात्री नाही, कशाचं कारण सापडलं. ज्याचं सापडलं नाही तिथे ‘कारण माहीत नाही’ एवढंच लिहा, ती जागा भुतानं भरू नका. आणि वाचण्याआधी, ज्या पानावर घरातल्या मुलावर किंवा बाईवर ठपका आला असेल, ते पान फाडून टाका.