डंपवर मातीचं कव्हर घालताना या चुका टाळा

खाण बंद करायची वेळ आली की ओबीच्या (कोळशावरून काढलेल्या दगडमातीच्या) डंपवर माती पसरायची, वर रोपं लावायची, फोटो काढून फाइल पुढे सरकवायची, हा समज आमच्या चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात घट्ट बसलाय. डंपात नुसता वाळूखडक आणि मुरूम असेल तर तेवढ्यावर भागतंही. आपल्याकडच्या कोळशात गंधक एकंदरीत कमीच. पण कोळशाच्या थरांमधली काळी शेल (पापुद्र्यांचा मऊ खडक), टाकून दिलेला हलका कोळसा, त्यातला पायराइट म्हणजे लोह-गंधकाचं खनिज जिथे डंपात गेलाय, तिथे हिशेब बदलतो. पायराइटला हवा आणि पाणी मिळालं की गंधकाम्ल तयार होतं, लोह विरघळतं. पाणी आम्लधर्मी झालं की जिवाणू कामाला लागतात आणि हीच क्रिया कैक पटींनी जोर धरते. मग पायथ्याच्या नालीत नारिंगी गाळ दिसू लागतो.

कव्हरला दोन गोष्टी अडवायच्या असतात: वरून मुरणारं पाणी आणि आत शिरणारी हवा. पाण्याचं सगळ्यांना समजतं, हवेचं विसरतात. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे हवा अडवते ती मातीतली ओल. थरातल्या पोकळ्या साधारण ८५ टक्क्यांपर्यंत पाण्याने भरलेल्या असतील, तेव्हाच तो थर हवेला खरा अडसर ठरतो. म्हणून विदर्भात कव्हर बघायला जायचं ते मे महिन्यात. ऑगस्टमध्ये हिरवं गवत बघून ‘काम उत्तम’ असा शेरा मारणारे खूप भेटतात.

नुसती काळी माती टाकणे

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. काळी माती जवळ मिळते, खाण उघडताना वरचा थर काढून ठेवलेलाच असतो. प्रयोगशाळेत नमुना दिला तर पाणी जवळजवळ जाऊच देत नाही असा अहवाल येतो. मग वाटतं, याहून चांगलं काय हवं? पण तो अहवाल ओल्या, दाबलेल्या नमुन्याचा असतो. डंपच्या माथ्यावर, ४६-४७ अंशांच्या उन्हात, वाऱ्यावर पडलेल्या मातीचा नसतो.

आमच्या भागातल्या एका खाणीवर ठेकेदाराने मार्च-एप्रिलमध्ये माथ्यावर मीटरभर काळी माती पसरली. कोरडी ढेकळं डोझरने ढकलली, वरून रोलर फिरवला. दिसायला टेबलासारखं सपाट झालं. मेअखेर मी तिथे गेलो तेव्हा जमीन जाळीसारखी फाटलेली होती. काही भेगांत अख्खा पंजा जात होता. एका भेगेत हातातली सळई सोडली तर ती मातीचा थर ओलांडून खालच्या दगडाला लागली, खणखणीत आवाज आला. भेगेच्या तोंडाशी हात धरला तर आतून कोमट, गंधकाचा वास असलेली हवा वर येत होती. म्हणजे पाणी अडवायच्या थराने हवेलाही वाट करून दिली होती.

ठेकेदाराचं म्हणणं, ‘साहेब, पाऊस पडला की माती फुगते, भेगा आपोआप बुजतात.’ अर्धं खरं आहे. बुजतात, पण आधी पहिले दोन-तीन जोरदार पाऊस सरळ आत जातात. शिवाय भेगेत कडेची भुगा झालेली माती, काडीकचरा पडतो, त्यामुळे ती पुन्हा पूर्वीसारखी सांधली जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिथेच फाटते. डंपाखालच्या शेतातले एक काका बांधावर उभे होते. ते एवढंच बोलले, ‘पयलं पानी तं भेगाईतच जाते नं जी.’ आयुष्यभर कपाशी पेरलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. त्यांना आधी विचारलं असतं तर लाखोंचं डिझेल वाचलं असतं.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा माथ्यावरून वाहून जाणारं पाणी जवळपास नव्हतंच. सगळं गिळलं गेलं. पुढच्या पंधरवड्यात पायथ्याची नाली नारिंगी झाली, पीएच पेपर लालसर पडायला लागला. खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा, हा नियम आहे. इथे तो तीनच्या आसपास होता. नालीवरच्या पुलाच्या सिमेंटमधून खडी उघडी पडली आणि त्या काकांची गुरं नाल्याच्या पाण्याला तोंड लावेनात.

काळी माती वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती उघडी ठेवणं वाईट. माझी पद्धत अशी: खाली आम्ल न सोडणाऱ्या भरड वाळूखडकाचा थर, त्यावर दाबलेली काळी माती निदान अर्धा मीटर, आणि तिच्यावर मुरूम मिसळलेली माती किमान मीटरभर. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, ते बारीक मातीतच धरून राहतं. वरचा मुरमाचा थर उन्हाने खालची ओल ओढून घेणं थांबवतो. दोन्हीकडून जपलेली माती मे महिन्यातही ओलसर राहते. वरच्या मीटरभर थराचा खर्च वाचवणाऱ्याने खालच्या अर्ध्या मीटरचाही खर्च करू नये, तो वायाच जाणार आहे.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत रम जंगल नावाची युरेनियम-तांब्याची जुनी खाण आहे. पाऊस आपल्यासारखाच, थोड्या महिन्यांत कोसळणारा, मग लांबलचक कोरडा काळ. १९८० च्या दशकात तिथल्या एका डंपवर तीन थर घातले: २२५ मिलिमीटर दाबलेली चिकणमाती, त्यावर २५० मिलिमीटर वालुकामय पोयटा, सगळ्यात वर १५० मिलिमीटर खडीमिश्रित वाळू. पावसाच्या ५ टक्क्यांहून जास्त पाणी आत जाऊ नये हे उद्दिष्ट होतं. सुरुवातीची काही वर्षं ते साधलं. १९९० च्या दशकात आकडा ५ ते १० टक्क्यांवर गेला. चिकणमातीवर संरक्षण होतं जेमतेम चाळीस सेंटिमीटरचं, आणि वाळणं, मुळं, वाळवी या तिघांना ते पुरून उरलं नाही. हे वाचूनही आपल्याकडे तीस सेंटिमीटर मातीचे अंदाजपत्रक मंजूर होतात, तेव्हा चीड येते.

वेळेचंही तसंच. माती दाबायची तर ती वाफशावर असताना. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. मूठभर माती घेऊन तळहातावर वळायची. तीन मिलिमीटर जाडीची वात तुटू न लागता वळली गेली तर रोलर बोलवायचा, त्याआधीच चुरा झाली तर पाण्याचा टँकर. दाबून झाल्यावर थर पंधरा सेंटिमीटरच्या आसपास भरेल एवढीच माती एका वेळी पसरायची आणि पायाचे ठसे उमटवणारा शीपफूट रोलर वापरायचा. सपाट रोलरने वरचा पापुद्रा गुळगुळीत होतो, खाली ढेकळं तशीच राहतात. आणि दाबलेला थर आठवडाभरही उघडा ठेवायचा नाही. मार्चअखेरचं बजेट संपवायला एप्रिलमध्ये माती टाकणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, त्यापेक्षा पैसे परत जाऊ द्या.

माथा झाकला, बाजू उघड्या

डंपरने कड्यावरून माल ओतला की मोठे दगड घरंगळत पायथ्याशी जातात, बारीक माल वर राहतो. म्हणजे पायथ्याला हवेसाठी दारं उघडीच असतात. आत पायराइट तापतो, गरम हवा वर चढते, तिची जागा घ्यायला पायथ्यातून थंड हवा आत ओढली जाते. चुलीच्या धुराड्यासारखा हा ओढा रात्रंदिवस चालू असतो. माथ्यावर कितीही चांगला थर घाला, कडांच्या फटींतून हवा निघत राहते आणि आत क्रिया चालू राहते.

ओळखायचं कसं? डिसेंबर-जानेवारीत पहाटे डंपवर जा. कडेच्या फटींतून वाफ निघताना दिसते, आसपास दव पडलेलं असतं पण तेवढ्या पट्ट्यात गवत कोरडं आणि पिवळं. कोळशाचा अंश जास्त असेल तर हेच पुढे आगीपर्यंत जातं. दुपारी जीपमधून चक्कर मारणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

ओतलेल्या मालाचा उतार साधारण ३७ अंशांचा असतो, त्यावर माती थांबतच नाही, पहिल्या पावसात ओघळी पडतात. बंद करताना उतार २८ अंशांच्या आत आणायचा असतो, आणि कव्हर टिकवायचं असेल तर मी त्याहूनही सपाट मागतो. डोझरचे तास वाढतात, डंप जास्त जागा व्यापतो, यावरून प्रत्येक वेळी भांडण होतं. ते भांडण करायचंच. पायथ्याचे मोठे दगड बारीक, आम्ल न सोडणाऱ्या मालाने बुजवून मगच वरचे थर घालायचे. नवा डंप असेल तर सोपा उपाय म्हणजे उंचावरून ओतूच नका. कमी उंचीचे थर पसरून दाबत वर चढा, पायराइटवाला माल मधोमध ठेवा.

फ्लाय अॅशला चुना समजणे

चंद्रपूरला राखेची कमी नाही, त्यामुळे ‘राख टाका, आम्ल मरेल’ हा सल्ला फुकट मिळतो. आपल्याकडच्या राखेत चुन्याचं प्रमाण कमी असतं. बारीक दाण्यामुळे ती पाणी धरून ठेवते, थरात मिसळायला उपयोगी पडते, हे खरं. पण आम्ल मारण्याच्या भरवशावर घालायची असेल तर त्याच राखेची आधी तपासणी करा, तिच्यातून बोरॉनसारखं काय झिरपतं तेही बघा. आम्ल मारायला चुनखडी लागते, आणि वणी-कोरपना पट्ट्यात चुनखडक उशाशी आहे. हिशेबही साधा: टनभर मालात १ टक्का पायराइटचं गंधक असेल तर सुमारे ३१ किलो शुद्ध चुनखडी, ती झीज धरून वाढवायची. चुनखडी दळलेली हवी आणि मालात मिसळलेली हवी. नालीत मोठे गोटे टाकले तर काही दिवसांत त्यांच्यावर लोखंडी साय चढते आणि ते निरुपयोगी होतात.

ताज्या मालाचा पीएच घेऊन निश्चिंत होणे हा याच जातीतला दुसरा प्रकार. मालात थोडा कार्बोनेट (चुनखडीसारखा आम्ल मारणारा अंश) असला तर पहिली वर्षं पीएच सात-आठ दाखवतो. कार्बोनेट संपला की घसरतो. एकूण गंधक आणि आम्ल मारायची क्षमता, दोन्हीची तपासणी करा.

झाडं लावायची घाई

सुबाभूळ दाबलेल्या थरावर लावू नका. मुळं खाली गेली की मेल्यानंतर त्यांच्या नळ्या उरतात, आणि वादळात झाड उन्मळलं तर मातीचा गड्डा घेऊनच पडतं. पायराइट असलेल्या भागावर मी मारवेल गवत, स्टायलो हा चारा आणि उताराच्या बांधांवर वाळा लावतो. झाडांचं उद्दिष्ट पूर्ण करायचं तर डंपच्या निरुपद्रवी भागावर करा, जागा भरपूर असते. रानडुकरांचा बंदोबस्त सुरुवातीलाच करा. कंदांच्या शोधात ती एका रात्रीत माती उकरून टाकतात. वारूळ दिसलं की नोंद करून तिथला थर उकरून पुन्हा दाबायचा.

राहिलेल्या काही चुका थोडक्यात. डंप जुन्या नाल्यावर बसलाय का ते जुन्या नकाशात आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडे विचारा. पाणी खालून येत असेल तर वरचं कव्हर काय करणार? माथ्यावर पाणी साचू देऊ नका, डंप खचतो तिथे दरवर्षी भर घाला. प्लास्टिकची शीट घालणार असाल तर तिच्याखाली-वर वाळू आणि वर पाणी निघायला वाट हवी, नाहीतर ओली माती शीटवरून घसरून खाली येते. बाहेरच्या पुस्तकातलं ‘पावसाळ्यात पाणी धरा, उन्हाळ्यात उडवा’ हे कव्हर कोरड्या मुलखातलं आहे. वर्षाची बेरीज केली तर आपल्याकडेही बाष्पीभवन पावसाहून जास्त, पण हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांत येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये थर भरून खाली गळतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर नालीचा रंग बदलला नाही म्हणून कव्हर फसलं असं जाहीर करणारे अधिकारीही आहेत. डंपाच्या पोटात आधीच तयार झालेलं आम्ल आणि क्षार वर्षानुवर्षं झिरपत राहतात. तोवर पायथ्याचं पाणी गोळा करून चुना देत राहावं लागतं, तो खर्च पहिल्या दिवसापासून धरा. कव्हर चालतंय का हे नालीवरून ठरत नाही, थराखालून ठरतं. त्यासाठी मी मोठे ड्रम भरड मालाने भरून थराच्या खाली पुरतो आणि तळातून नळी बाजूला काढून बाटलीत सोडतो. पावसाच्या मापकाशी बाटलीतलं पाणी ताडून बघितलं की किती टक्के आत जातंय ते कळतं. मातीत ऑक्सिजन मोजायची नळीही त्याच वेळी सोडायची. हे सगळं कव्हर घालतानाच करायचं. नंतर खोदून ड्रम पुरला तर त्या खड्ड्यातूनच पाणी जातं आणि पुढची सगळी मापं चुकतात.