कानाचं मशीन मुलाला लावलंय? या चुका टाळा

मशीन शिट्टी मारतंय म्हणून आवाज कमी करून टाकणं, ही सर्रास होणारी चूक. शिट्टी थांबते खरी, पण मुलाचं ऐकणंही कमी होतं. बहुतेक वेळा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा कानात बसणारा साचा, सैल झालेला असतो. मूल वाढतं तसा कानही वाढतो. तान्ह्या बाळाला दोन-तीन महिन्यांतच नवा मोल्ड लागू शकतो. तो नीट बसलाय का, मोल्डला मशीनशी जोडणाऱ्या नळीला चीर गेलीय का, हे बघा. तरीही शिट्टी येत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जाऊन कानातला मळ तपासून घ्या आणि नवं माप द्या.

बडोद्याच्या पावसाळ्यात वेगळाच ताप. सकाळी चालू, दुपारी बंद, संध्याकाळी पुन्हा चालू! दुरुस्तीला धावण्याआधी नळी उजेडात धरा. आत पाण्याचा बारीक थेंब दिसला, तर आवाज तिथेच अडलाय. मोल्ड मशीनपासून सोडवून रबरी पंपाने नळीत हवा मारा. तोंडाने फुंकलं तर ओल वाढते. हेअर ड्रायर नकोच. रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) डबीत ठेवा. मूल गरबा खेळून घामाघूम होऊन आलं, तरी हेच करायचं.

खरं नुकसान मात्र मशीन काढून ठेवण्याने होतं. "घरातच तर आहे", "पाहुणे येतायत, काढ जरा" असं म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. पण भाषा कानावर पडते ती वरण-भात कालवताना, खंडेराव मार्केटात भाजी घेताना. आंघोळ आणि झोप सोडली तर मशीन कानावरच हवं. शाळा गुजराती आहे म्हणून घरातली मराठीही बंद करू नका; आईला जी भाषा सहज येते, तिच्यातच ती भरभरून बोलते.

"हट्टी झालाय, हाक मारली तरी बघत नाही" असं म्हणण्याआधी रोज सकाळी त्याच्या मागे उभं राहून आ, ई, ऊ, म्, श्, स् म्हणून त्याला ऐकू येतं का ते बघा. काल ऐकू आलेला 'स्' आज येत नसेल, तर आधी सेल बदला.

झिंक-एअर सेलचं (मशीनमधल्या, हवेवर चालणाऱ्या बटणासारख्या सेलचं) स्टिकर काढून मिनिटभर थांबा, मगच सेल बसवा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. लहान मुलासाठी कुलपाचं सेल-झाकण मागून घ्या. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट हॉस्पिटल गाठा. अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते.