पोर विलायतेत जन्मलं, खेळायचं भारताकडून: आधी कागद कसे जुळवायचे

माझ्या मावसभावाचा मुलगा स्विंडनला जन्मला. जुलैच्या सुट्टीत गोव्यात म्हापशाला येतो आणि आमच्या पोरांबरोबर चिखलात अनवाणी खेळतो. गेल्या खेपेला म्हणाला, "काका, मला भारताकडून फुटबॉल खेळायचंय." खेळ तो शिकेल. कागदांचं मी सांगतो.

फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची, अट जड नाही. आजोबांचा जन्म गोव्यातला असला तरी नातं जुळतं. अडतं ते पासपोर्टावर. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) राष्ट्रीय संघात घेत नाहीत, दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. ब्रिटिश आणि पोर्तुगीज असे दोन पासपोर्ट असले तर दोन्ही सोडायचे. हे आधी घरात बसून बोला, आईला विचारल्याशिवाय तर नकोच.

पोराला आराता इझुमीची गोष्ट सांगा. वडील भारतीय, आई जपानी, जन्म १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकीतला. २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबाकडे आला, मग महिंद्र युनायटेड, पुणे एफसी. जपानी नागरिकत्व सोडून २०१२ मध्ये भारतीय झाला आणि ६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध भारताची निळी जर्सी घातली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. पायातली उमेदीची वर्षं त्याआधीच गेली, याची मला अजून हळहळ वाटते. म्हणून अठरा पूर्ण झाली की लगेच कागदांच्या मागे लागा.

वडील पूर्वी भारतीय नागरिक असतील, तर नागरिकत्वाच्या अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहावं लागतं. ते वर्ष इथल्या क्लबात काढावं. पण तोवर तो परदेशी खेळाडूच धरला जातो आणि त्या जागा मोजक्या, तेव्हा क्लबाला आधी विचारा. तिकडचं इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेटही (खेळाडूची नोंदणी दुसऱ्या देशात हलवायचा दाखला) लागेल. वडिलांचं जुन्या भारतीय पासपोर्टाचं सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे तो परत केल्याचा दाखला, जपून ठेवा.

आता नावं. गोव्यातली १९६१ पूर्वीची, पोर्तुगीज राजवटीतली जन्मनोंद पोर्तुगीजमध्ये असते. याच्या आजोबांचं आडनाव प्रभू, पण नोंदवहीत तिरप्या अक्षरात 'पोरोबो'. दुसऱ्या एका नातेवाइकाच्या वेळी मी असाच फरक तसाच जाऊ दिला. फाइल परत आली, चार महिने गेले, चूक माझी. मामलेदाराकडून डायव्हर्जन्सचा दाखला, म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसाची असा दाखला, आधीच काढा. मग अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या.

भारतीय पासपोर्ट हातात आला की क्लबाला सांगून नोंदणी त्याच आठवड्यात भारतीय खेळाडू म्हणून बदलून घ्या.